जनरल जगन्नाथराव भोसले : देहरादूनची शाळा आणि सियालदहचे फलाट

कलकत्त्यास दोन मोठी रेल्वे स्थानके आहेत. हावड्याहून निघणारी गाडी नागपूर-मुंबईची वाट धरते; सियालदहहून निघणारी गाडी फाळणीपूर्वी पूर्व बंगाल आणि आसामकडे जात असे. महाराष्ट्रातील माणसाचा संबंध सहसा हावड्याशीच येतो. तरीही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरच्या दशकात एका मराठी सेनानीच्या आयुष्याचा धागा सियालदहमधून गेलेल्या लोहमार्गांशी तीन वेळा गुंतला. हे सेनानी म्हणजे आझाद हिंद सेनेचे एक प्रमुख अधिकारी आणि पुढे भारत सरकारचे पुनर्वसन उपमंत्री झालेले जनरल जगन्नाथराव कृष्णराव भोसले. मुंबईत मंत्रालयासमोरच्या रस्त्यास त्यांचे नाव आहे. त्या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात, परंतु त्या नावामागील चरित्र आज फार थोड्यांस ठाऊक असावे.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ सालचा, सावंतवाडी संस्थानातील तिरोडे या गावचा. कोकणातून सैन्यात जाणे ही त्या मुलखात नवलाची गोष्ट नव्हती. घरोघरी पेन्शनीत निघालेला एखादा हवालदार किंवा सुभेदार असे. नवल होते ते निराळेच. हिंदी माणसाने कितीही पराक्रम गाजवला, कितीही वर्षे सेवा केली, तरी तो जमादार, सुभेदार वा सुभेदार-मेजर होई आणि तेथेच त्याची शिडी संपे. पलटणीचे नेतृत्व करण्यासाठी लागणारी राजाची सनद इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातून मिळे, आणि त्या महाविद्यालयाचे दार हिंदी तरुणांस १९१८ पर्यंत बंदच होते. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायांनी केलेल्या कामगिरीच्या मोबदल्यात दरवर्षी दहा जागा देण्यात आल्या. केवळ दहा!

या दहा जागाही नीट भरेनात, आणि ज्या भरल्या त्यांतील अनेक विद्यार्थी परीक्षेत मागे पडू लागले. सरकारातील काहींनी यावरून असा निष्कर्ष काढला की, हिंदी माणसात नेतृत्वाचा गुणच नाही. खरे कारण साधे होते. सँडहर्स्टला येणारा इंग्रज मुलगा आठ-दहा वर्षे निवासी शाळेत राहून आलेला असे. सांघिक खेळ, वसतिगृहातील जबाबदाऱ्या, इंग्रजीतून विचार करणे आणि बोलणे हे सर्व त्याच्या अंगवळणी पडलेले असे. हिंदी मुलगा घरातून उठून एकदम त्या जगात जाऊन पडे. उणीव शाळेची होती, आणि ती भरून काढण्यासाठी १९२२ च्या मार्च महिन्यात देहरादून येथे प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज सुरू झाले. नावात कॉलेज असले तरी ती होती निवासी शाळाच. मुलांना लहान वयात घेऊन सँडहर्स्टच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करावयाचे, हे तिचे काम. जगन्नाथराव या शाळेच्या अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे स्वतंत्र भारताचे सरसेनापती झालेले थिमय्या हेही त्याच काळात तेथे शिकले.

या शाळेने दिलेल्या शिक्षणाचे मूल्यमापन आज करताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. नकाशा वाचणे, घोड्यावर मांड ठोकणे, क्रिकेट आणि हॉकी खेळणे, ठरल्या क्षणी ठरल्या जागी हजर असणे हे सारे तेथे शिकवले जाई. पंजाबी, कोडगू, मराठा, पठाण, राजपूत अशी सर्व प्रांतांची मुले एका खोलीत झोपत, एका पंक्तीस जेवत. जातवार आणि प्रांतवार पलटणी उभ्या करणाऱ्या सरकारनेच ही सरमिसळ करणारी शाळा काढली, यातील विसंगती त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या ध्यानात आली होती की नाही, कोण जाणे. परंतु शाळेचा सारा रोख सम्राटावरील निष्ठेकडे होता, हेही तितकेच खरे. आपल्या देशाचे रक्षण आपण करावयाचे आहे, असा विचार मुलाच्या मनात आलाच तर तो त्याने सुटीत घरी जाऊन करावा, अशी ती व्यवस्था होती.

देहरादूनहून जगन्नाथराव सँडहर्स्टला गेले आणि १९२८ मध्ये सनद मिळवून परतले. त्याच सुमारास हिंदी अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा प्रश्न देशाच्या राजकारणात अग्रभागी आला होता. १९२५ मध्ये नेमलेल्या स्कीन समितीत मोतीलाल नेहरू आणि जिना हे दोघेही होते. हिंदुस्थानातच सँडहर्स्टसारखी संस्था काढावी, अशी शिफारस या समितीने केली आणि अखेर १ ऑक्टोबर १९३२ रोजी देहरादून येथे चाळीस विद्यार्थ्यांनिशी इंडियन मिलिटरी अकादमी उघडली. तोपर्यंत सनद मिळवून आलेल्या हिंदी अधिकाऱ्यांस निवडक आठ तुकड्यांतच नेमण्याचे धोरण सरकारने आखले होते. इंग्रज अधिकाऱ्यास हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली काम करावे लागू नये, हा त्यामागचा हेतू लपून राहिलेला नव्हता. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन या आठांतील एक होती. शिक्षण समान आणि मान असमान, ही गोष्ट त्या पिढीतील प्रत्येक हिंदी अधिकाऱ्याने रोज अनुभवली. बहुतेकांनी ती गिळली.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. त्यानंतर दोनच दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार हिंदी सैनिक एकत्र जमवण्यात आले. ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना जपानी अधिकाऱ्याच्या स्वाधीन केले आणि तो निघून गेला. ज्या सत्तेशी निष्ठेची शपथ घेतली, तिनेच ताबा सोडून दिला, ही भावना त्या मैदानावर उभ्या असलेल्यांच्या मनात किती खोल गेली असेल, हे सांगावयास नको. युद्धकैद्यांत भोसले होते. सनदी अधिकारी म्हणून त्यांचे स्थान वरचे. कॅप्टन मोहनसिंग यांनी उभारलेली पहिली आझाद हिंद सेना जपान्यांशी झालेल्या मतभेदांमुळे त्याच वर्षाच्या डिसेंबरात मोडली. मोहनसिंग अटकेत गेले. सैनिक गोंधळून गेले. पुन्हा कैदेत जावे की पुन्हा उभे राहावे, याचा निर्णय कोणासच करता येईना.

या अंधारात १९४३ च्या आरंभी सैन्याची जी नवी घडी बसवण्यात आली, तिचे प्रमुखपद भोसल्यांकडे आले. त्यांच्या हाताखाली लष्करी कार्यालयाची रीतसर विभागणी झाली. शाहनवाज खान यांजकडे मुख्य कामकाज, प्रेमकुमार सहगल यांजकडे लष्करी सचिवपद, हबीब-उर-रहमान यांजकडे अधिकारी प्रशिक्षण शाळा. ही नावे पुढे देशभर गाजली, पण त्या वेळच्या मांडणीचे मर्म नावांत नाही. मोडलेली सेना पुन्हा उभी करताना या मंडळींनी आरंभीच अधिकारी घडवणारी शाळा मांडली, हे त्या मांडणीचे मर्म होय. देहरादून आणि सँडहर्स्ट यांच्या पठडीत वाढलेल्या माणसास ठाऊक होते की, आवेशाने माणसे जमतात, मात्र पलटण शिक्षणाने बनते.

२ जुलै १९४३ रोजी सुभाषचंद्र बोस सिंगापुरात आले आणि चित्र पालटले. ऑगस्टमध्ये त्यांनी सेनेचे सर्वोच्च नेतृत्व स्वतःकडे घेतले. २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली, तेव्हा सेनेच्या प्रतिनिधींमध्ये भोसले होते. सुभाषबाबूंची वाणी ऐकून मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूर, दुकानदार, कारकून, विद्यार्थी हजारोंच्या संख्येने भरती होऊ लागले. त्यांतील बहुतेकांनी बंदूक कधी हातात धरलेली नव्हती. भाषेचाही प्रश्न होता. तमिळ, पंजाबी, मराठी, नेपाळी, बंगाली बोलणाऱ्यांस एकाच रांगेत उभे करून शिकवावयाचे कसे? रोमन लिपीतील सोपी हिंदुस्तानी हा त्यावर काढलेला तोडगा. इंग्रजी हुकुमांच्या जागी हिंदुस्तानी हुकूम आले. कॅप्टन लक्ष्मी यांच्या नेतृत्वाखाली झाशी राणी पथकात मुलींचे शिक्षण सुरू झाले. काही निवडक तरुणांस तर थेट टोकियोच्या लष्करी अकादमीत धाडण्यात आले. सुभाषबाबूंच्या तेजापुढे या सर्व कामामागील चिवट, रोजच्या आखणीचे श्रेय सहसा कोणी भोसल्यांस देत नाही. पडद्यामागे राहून काम करणाऱ्या प्रमुखाच्या वाट्यास असेच काहीसे येते.

याच वेळी सीमेच्या अलीकडे, सियालदह स्थानकातून लष्करी गाड्या अहोरात्र सुटत होत्या. पार्वतीपूरपर्यंत रुंद मार्ग, तेथे माणसे आणि सामान उतरवून अरुंद मार्गाच्या डब्यांत भरावयाचे, आमिनगावास ब्रह्मपुत्रा नावेने ओलांडावयाची आणि पुन्हा गाडीने मणिपूर रोड गाठावयाचे, असा इंफाळच्या आघाडीचा तो लांबलचक रस्ता. याच सियालदहहून गोआलंदो आणि तेथून स्टीमरने चांदपूर ओलांडून चितगावकडे, म्हणजे आराकानच्या आघाडीकडेही वाट जाई. आराकानात १९४५ च्या जानेवारीत कांगावची घनघोर लढाई झाली. तेथे लढलेल्या एका ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनांचे प्रमुख हिंदी होते. एक थिमय्या, दुसरे कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात आणि तिसरे सेन. म्हणजे देहरादून-सँडहर्स्टच्या शिक्षणाने घडलेले अधिकारी आघाडीच्या दोन्ही बाजूंस उभे होते. जे शिक्षण एका बाजूस ब्रिटिशांच्या विजयाचे साधन झाले, तेच दुसऱ्या बाजूस त्यांच्या राज्याविरुद्ध उभे राहिले. दोघांपैकी कोणाचे पाऊल योग्य, याचा वाद त्या पिढीने आपापसात पुष्कळ घातला. तथापि थिमय्या-थोरातांस देशभक्तीत उणे लेखणे जितके अन्यायाचे, तितकेच भोसले-शाहनवाजांस शपथ मोडणारे म्हणून बाजूस सारणेही अन्यायाचे होते.

इंफाळची मोहीम फसली. १९४५ च्या एप्रिलमध्ये रंगून सोडावे लागले आणि सरकारचे ठाणे बँकॉकला हलले. जपानने शरणागती पत्करल्यावर १७ ऑगस्ट रोजी सुभाषबाबू बँकॉकहून अखेरच्या प्रवासास निघाले. मागे उरलेल्या सेनेची निरवानिरव करण्याचे काम तेथे मेजर जनरल भोसल्यांवर आले. विजयी सेनेचे संचलन करणे कोणासही जमते. पराभूत सेनेची शिस्त टिकवून तिला शत्रूच्या हवाली करणे ही सेनानीची सर्वांत कठीण परीक्षा. तीतून ते गेले, आणि कैदी म्हणून मायदेशी परतले.

आग्नेय आशियातून आणलेल्या आझाद हिंद सैनिकांच्या छावण्या बंगालमध्ये झिकरगाछा आणि नीलगंज येथे होत्या. पहिले ठिकाण सियालदहहून बनगावमार्गे जेसोरकडे जाणाऱ्या मार्गावर, दुसरे सियालदहच्याच उत्तरेच्या मार्गावरील बराकपूरनजीक. ज्या स्थानकातून त्यांच्याविरुद्ध पलटणी गेल्या होत्या, त्याच्याच परिसरात आता ते काटेरी तारांआड बसले होते. नोव्हेंबरात दिल्लीच्या लाल किल्ल्यात शाहनवाज, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. २१ तारखेस कलकत्त्याच्या धर्मतल्ला रस्त्यावर विद्यार्थ्यांचा मोर्चा अडवला गेला, गोळीबार झाला आणि शहर पेटून उठले. सरकारला माघार घ्यावी लागली. जन्मठेपेच्या शिक्षा माफ झाल्या, आणि पुढे इतर अधिकाऱ्यांप्रमाणे भोसलेही मुक्त झाले.

स्वातंत्र्य आले, पण त्यांच्यासाठी लष्कराचे दार उघडले नाही. आझाद हिंद सेनेतील अधिकाऱ्यांस सैन्यात परत घ्यावयाचे नाही, असा निर्णय नेहरू सरकारने केला. राजकीय पक्षापासून अलिप्त आणि शपथेस बांधील असे व्यावसायिक सैन्य नव्या राष्ट्रास हवे होते. एकदा निष्ठा बदललेल्यांस परत घेतल्याने त्यात फूट पडेल, ही भीती होती. निर्णय राज्यकारभाराच्या दृष्टीने समजण्यासारखा, माणसाच्या दृष्टीने कठोर. वयाच्या ऐन चाळिशीत, ज्या एकाच विद्येसाठी सोळाव्या वर्षापासून स्वतःस घडवले, ती विद्या वापरण्याची जागाच भोसल्यांस उरली नाही. त्यांच्या शाळेतील सोबती एकामागून एक जनरल होत गेले. भोसल्यांनी याबद्दल जाहीर कटुता धरली नाही. ते काँग्रेसच्या तिकिटावर १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेत निवडून गेले आणि पंडित नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन उपमंत्री झाले.

सियालदह पुन्हा आले ते येथे. पंजाबकडील निर्वासितांची लाट एकदा आली आणि ओसरली. बंगालची मात्र संपतच नव्हती. १९५० च्या दंगलींनंतर लोंढा आला. १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पारपत्राची अट लागू होणार म्हणताच आधी दार गाठावे म्हणून दुसरा लोंढा आला. गाड्या भरभरून येत आणि सियालदहच्या फलाटांवर रिकाम्या होत. कोणी चार दिवस, कोणी चार महिने तेथेच राहिले. एका कुटुंबास चटईएवढी जागा, शेकडो माणसांत एक नळ, पटकीची साथ, आणि मधूनच येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांची पावले. तेथून नावे नोंदवून माणसे राणाघाटचा कूपर्स कॅम्प, धुबुलिया अशा छावण्यांत नेली जात. या छावण्या महायुद्धातील लष्करी तळांच्या जागी उभ्या होत्या. सैनिकांसाठी बांधलेल्या झोपड्यांत आता घर हरवलेली मुले वाढत होती. भोसल्यांच्या खात्यापुढे हा प्रश्न कागदोपत्री आकड्यांच्या रूपाने येई. घरे किती, कर्ज किती, रोख मदत किती. परंतु फलाटावर वाढलेल्या मुलाचे काय करावयाचे, याचे उत्तर कोणत्याच तक्त्यात नव्हते. त्याला शाळेत बसवले तरी वर्गात बसणे म्हणजे काय, हेच तो विसरलेला असे.

या प्रश्नास भोसल्यांनी आपल्या परीने उत्तर दिले. १९५४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरातील कस्तुरबा निकेतन या निर्वासित मुलांच्या संस्थेत त्यांनी एक प्रयोग आरंभला. सकाळी सामूहिक कवायत, सुरेल गाणी, देशाच्या इतिहासातील गोष्टी, स्वच्छतेची सवय, एकमेकांस मदत. बंदूक कोठेही नव्हती. त्याच वर्षी पुण्याजवळ खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची वास्तू सज्ज होत होती. तिच्यात अधिकारी घडणार होते. भोसल्यांच्या वर्गात ज्यांना आईबापही उरले नव्हते अशी मुले होती. तरीही दोहोंचे मूळ एकच. जगन्नाथरावांस देहरादूनच्या शाळेने जे दिले, त्यातील सम्राटनिष्ठा वजा करून उरलेले सर्व ते या मुलांस देऊ पाहत होते. प्रयोग यशस्वी ठरला असे दिसताच त्यास राष्ट्रीय शिस्त योजना हे नाव मिळाले. निर्वासितांच्या शाळांतून तो सामान्य शाळांत गेला, पुढे शिक्षण मंत्रालयाने तो आपल्याकडे घेतला आणि राजस्थानात अलवरजवळ सरिस्का येथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय झाली.

या योजनेवर टीकाही झाली आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. पाहुण्यांपुढे हजारो मुलांनी एका तालावर हात उचलणे हेच काही शाळांनी योजनेचे सार मानले. एकीकडे शारीरिक शिक्षण, दुसरीकडे राष्ट्रीय छात्रसेना, तिसरीकडे शिस्त योजना, असा एकाच मुलावर तीन खात्यांचा मारा होऊ लागला. हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये नेमलेल्या समितीने या सर्वांचा एकत्रित विचार करून शाळांसाठी एकच कार्यक्रम असावा, असे सुचवले. छात्रसेनेची आखणी करणाऱ्या समितीचे अध्यक्षही पूर्वी कुंझरूच होते. भोसल्यांच्या कल्पनेत मुलांच्या मनाची घडण प्रथम आणि कवायत दुय्यम होती. ती कागदावरून शाळेच्या मैदानापर्यंत पोहोचताना उलटी झाली. सरकारी योजनांच्या नशिबी हे नवे नाही.

१९६३ मध्ये जगन्नाथराव निवर्तले. आदल्याच वर्षी चीनच्या आक्रमणाने देश हादरला होता, आणि त्या धक्क्यातून महाविद्यालयांत छात्रसेनेचे शिक्षण सक्तीचे झाले. सातारची सैनिक शाळा १९६१ पासून चालू झालेली होती. कोकण-देशावरील शेतकऱ्यांची मुले तेथून थेट प्रबोधिनीकडे जाऊ लागली होती. राष्ट्रीय शिस्त योजना १९६५ मध्ये एका नव्या, व्यापक योजनेत विलीन करण्यात आली आणि तिचे स्वतंत्र नाव मिटले. सियालदहच्या फलाटांवरील कुटुंबे त्याआधीच कोणी बंगालमधील वसाहतींत, कोणी दूर दंडकारण्यात गेली होती. १९७३ मध्ये देहरादूनच्या त्याच शाळेचे आणखी एक माजी विद्यार्थी, गोपाळ गुरुनाथ बेवूर, भारताचे सरसेनापती झाले.